वाचकांचे प्रश्न : अमेरिकेत कापलेला कर इथे वळता करताना

परदेशी शेअरवरचा डिव्हिडंड, तिथे कापला गेलेला कर, तो इथल्या करातून वजा म्हणजे वळता करणे आणि इथले रिटर्न यांवर आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे आर्थिक वर्ष २०२५-२६, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२६-२७ धरून दिली आहेत. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला, तरी या वर्षाचे उत्पन्न १९६१ च्या कायद्यानेच मोजायचे आहे. त्यामुळे कलमे आणि फॉर्मचे क्रमांक जुनेच.

प्रश्न : कंपनीकडून मिळालेल्या अमेरिकी शेअरवर दर तिमाहीला डिव्हिडंड येतो. २५ टक्के कापूनच पैसे जमा होतात. ब्रोकरने १०४२-एस (डिव्हिडंड आणि कापलेल्या कराचे अमेरिकी विवरण) पाठवला आहे. त्यातले आकडे जसेच्या तसे सॉफ्टवेअरमध्ये भरले तर चालतील का? (पुणे)

उत्तर : नाही. १०४२-एस कॅलेंडर वर्षाचा असतो, जानेवारी ते डिसेंबर. आपले वर्ष एप्रिल ते मार्च. समजा, मार्च २०२५ मध्ये ९० डॉलर, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये प्रत्येकी १०० आणि मार्च २०२६ मध्ये ११० डॉलर डिव्हिडंड मिळाला. २०२५ च्या १०४२-एसवर ३९० डॉलर दिसतील. तुमच्या रिटर्नमध्ये मात्र ४१० जायला हवेत आणि कापलेला कर १०२.५० डॉलर. मार्च २०२५ चे ९० गेल्या वर्षीच्या रिटर्नचे होते. मार्च २०२६ चे ११० पुढच्या वर्षीच्या १०४२-एसवर येतील, त्यासाठी ब्रोकरचे मासिक स्टेटमेंट काढा. शिवाय १०४२-एसवर रकमा पूर्ण डॉलरमध्ये छापतात, सेंट गळतात. म्हणून आकडे स्टेटमेंटवरून घ्या आणि १०४२-एस पुरावा म्हणून जोडा.

पुढचा अडसर दराचा. डिव्हिडंड ज्या महिन्यात मिळाला, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक डॉलर विकत घेते तो दर) धरायचा. उत्पन्नासाठी नियम ११५ आणि कापलेल्या करासाठी नियम १२८ हेच सांगतो. जूनच्या डिव्हिडंडला ३१ मे, सप्टेंबरच्याला ३१ ऑगस्ट, डिसेंबरच्याला ३० नोव्हेंबर आणि मार्चच्याला २८ फेब्रुवारी. कॅलेंडर उघडून पाहा, या वर्षी हे चारही दिवस शनिवार-रविवारी आले! अशा वेळी त्याआधी शेवटचा जाहीर झालेला दर घ्यायचा प्रघात आहे. त्या दिवसाची स्टेट बँकेच्या फॉरेक्स कार्ड रेटची पीडीएफ जपून ठेवा, जुनी पीडीएफ नंतर शोधायला फार वेळ जातो. ब्रोकरच्या ॲपवर दिसणारा रुपयातला आकडा किंवा गुगलवरचा दर इथे चालत नाही.

प्रश्न : शेड्यूल एफएसआयमध्ये (परदेशी उत्पन्नाचा तक्ता) डिव्हिडंड भरला. तोच शेड्यूल ओएसमध्ये (अन्य स्रोतांचे उत्पन्न) पुन्हा भरला तर उत्पन्न दुप्पट होणार नाही का? (नाशिक)

उत्तर : होणार नाही. उलट ओएसमध्ये भरला नाही, तर तो उत्पन्नात धरलाच जात नाही. एफएसआय ही फक्त माहिती आहे : एकूण उत्पन्नात आधीच धरलेल्यापैकी परदेशातले किती, हे सांगणारी. बेरीज ओएसमधूनच होते.

आधी फॉर्म बघा. परदेशी उत्पन्न किंवा मालमत्ता असेल तर आयटीआर-१ चालत नाही. पगारदाराने आयटीआर-२ घ्यावा. पोर्टलवर शेड्यूल निवडायच्या पानावर ओएस, एफएसआय, टीआर (परदेशी कराची वजावट) आणि एफए (परदेशी मालमत्ता) या चौघांवर खूण करा, नाहीतर ती पाने पुढे दिसतच नाहीत. मग या क्रमाने जा :

ओएसमध्ये डिव्हिडंडची रक्कम कर कापण्यापूर्वीची भरा. खात्यात ७५ डॉलर आले असतील तरी उत्पन्न १०० डॉलरचे. बहुतेकांची चूक इथेच होते. डिव्हिडंडचे पैसे पुन्हा शेअरमध्येच गुंतवले जात असतील तरी उत्पन्न पूर्णच धरायचे. त्याच पानावर खाली तिमाहीवार फोड विचारतात : १५ जूनपर्यंत, १६ जून ते १५ सप्टेंबर, १६ सप्टेंबर ते १५ डिसेंबर, १६ डिसेंबर ते १५ मार्च आणि शेवटचा पंधरवडा. ही फोड वरच्या रकमेशी जुळली नाही तर सॉफ्टवेअर पुढे जाऊ देत नाही. आणि सगळी रक्कम पहिल्याच रकान्यात टाकून मोकळे झालात, तर २३४सीचे, म्हणजे आगाऊ कर कमी भरल्याचे व्याज उगाच वाढू शकते.

एफएसआयमध्ये देश निवडा. तिथला करदाता क्रमांक नसेल तर पासपोर्ट क्रमांक चालतो. मग 'अन्य स्रोत' या ओळीत उत्पन्न, परदेशात भरलेला कर, त्याच उत्पन्नावर भारतात लागणारा कर आणि त्या देशाशी असलेल्या दुहेरी कर टाळण्याच्या कराराचे कलम टाका. अमेरिकेच्या करारात डिव्हिडंडचे कलम १० आहे. टीआरमध्ये ही रक्कम आपोआप उतरते, तरी कलम ९० (करार असलेल्या देशांसाठीचे) निवडले गेले आहे ना, हे डोळ्यांनी पाहा.

एफए भरताना मात्र पुन्हा कॅलेंडर वर्ष : जानेवारी ते डिसेंबर २०२५. शेअर ए३ तक्त्यात. त्यामुळे तिथला डिव्हिडंड ओएसमधल्याशी जुळणार नाही. तो जुळवायच्या नादाला लागू नका.

प्रश्न : माझे करपात्र उत्पन्न नव्या पद्धतीत २४ लाख आहे. त्यात अमेरिकेचा डिव्हिडंड ८०,००० रुपये. तिथे २०,००० कर कापला. मी २० ते २४ लाखांच्या, म्हणजे २५ टक्क्यांच्या टप्प्यात येतो, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये २०,८०० हा भारतातला कर टाकला आणि पूर्ण २०,००० वळते झाले. ओळखीचे सीए १०,४००च म्हणतात. (ठाणे)

उत्तर : सीएंचा आकडा धरा. परदेशात भरलेला कर आणि त्याच उत्पन्नावरचा भारतातला कर, यांपैकी जो कमी तेवढाच वळता होतो. वाद आहे तो भारतातला कर कसा काढायचा याचा. तुम्ही डिव्हिडंड सगळ्यात वरच्या टप्प्यात ठेवलात. प्रघात सरासरी दराचा आहे. करार नसलेल्या देशांसाठीच्या कलम ९१ मध्ये एकूण कर भागिले एकूण उत्पन्न अशी भारतीय दराची व्याख्याच दिली आहे. अमेरिकेशी झालेल्या करारातले कलम २५ सुद्धा त्या उत्पन्नाच्या वाट्याला येणारा कर, एवढीच मर्यादा घालते.

तुमचा हिशेब असा. ४ लाखांपर्यंत काही नाही. ४ ते ८ लाखांवर २०,०००, ८ ते १२ वर ४०,०००, १२ ते १६ वर ६०,०००, १६ ते २० वर ८०,००० आणि २० ते २४ वर १,००,०००. बेरीज ३,००,०००, त्यावर ४ टक्के उपकर १२,०००. एकूण ३,१२,०००. याला २४ लाखांनी भागले की बरोबर १३ टक्के. ८०,००० वर १३ टक्के म्हणजे १०,४००. उरलेले ९,६०० बुडाले. भारतात ते पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत.

हे बऱ्याच जणांना पचत नाही. पण ५० लाखांच्या उत्पन्नालाही नव्या पद्धतीत सरासरी दर साडेबावीस टक्क्यांच्या आतच राहतो, म्हणजे अमेरिकेचे २५ टक्के पूर्ण वळते व्हायला त्याहून जास्त उत्पन्न लागते. उत्पन्न १२ लाखांच्या आत असून ८७एच्या सूटीने कर शून्य होत असेल, तर वळते करण्यासारखे काहीच उरत नाही. भारतातल्या कराचा रकाना आपण स्वतः भरायचा असतो. सॉफ्टवेअर तो आकडा बरोबर आहे का ते तपासत नाही, फक्त दोन रकान्यांतला लहान उचलते. म्हणून तुमचे २०,००० बिनबोभाट पुढे गेले.

प्रश्न : जानेवारी २०२६ पासून ब्रोकर २५ ऐवजी ३० टक्के कापतो आहे. जास्तीचे ५ टक्के इथे मिळतील का? (नागपूर)

उत्तर : मिळणार नाहीत. डब्ल्यू-८बेन फॉर्मची (कराराचा दर मिळावा म्हणून ब्रोकरला द्यायचे प्रतिज्ञापत्र) मुदत संपली असावी. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत तो चालतो. २०२२ मध्ये सही केली असेल तर ३१ डिसेंबर २०२५ ला संपला. नवा फॉर्म लगेच भरा. करारापेक्षा जास्त कापलेला कर नियम १२८ नुसार मोजायचाच नसतो. तो तिथल्याच खात्याकडून परत मागायचा. वर्षातल्या वर्षात कळले तर काही ब्रोकर स्वतःच दुरुस्ती करून देतात, आधी त्यांना विचारा. नाहीतर अमेरिकेचे १०४०-एनआर रिटर्न आणि त्यासाठी आयटीआयएन हा तिथला करदाता क्रमांक, म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

एफएसआयच्या भरलेल्या कराच्या रकान्यात २५ टक्क्यांचीच रक्कम टाका. कराराची मर्यादा सॉफ्टवेअरला कळत नाही.

प्रश्न : ब्रिटिश कंपनीचे शेअर आहेत, डिव्हिडंडवर कर कापलेला नाही. परदेशी कराचे क्रेडिट मागायचा फॉर्म ६७ भरायचा का? (मडगाव)

उत्तर : नको. ब्रिटनमध्ये साध्या कंपनी-डिव्हिडंडवर कर कापत नाहीत, मग वळते काय करणार? पण ओएस, एफएसआय आणि एफए भरावेच लागतील. कराच्या रकान्यात शून्य.

प्रश्न : रिटर्न जुलैत वेळेवर भरले, टीआरमध्ये रक्कमही बरोबर होती. तरी १४३(१)च्या, म्हणजे रिटर्न प्रोसेस झाल्यावर येणाऱ्या सूचनेत क्रेडिट शून्य धरून मागणी काढली आहे. (कोल्हापूर)

उत्तर : फॉर्म ६७ राहिला असणार. तो रिटर्नचा भाग नाही. पोर्टलवर ई-फाइल, इन्कम टॅक्स फॉर्म्स, फाइल इन्कम टॅक्स फॉर्म्स असे जाऊन शोधचौकटीत ६७ टाका. त्यात देश, उत्पन्नाचा प्रकार, उत्पन्न, भरलेला कर आणि त्याचा दर, भारतातला कर, कराराचे कलम व दर आणि मागितलेले क्रेडिट भरायचे असते. हे आकडे एफएसआयमधल्या आकड्यांशी रुपयापर्यंत जुळवा. सोबत १०४२-एस आणि ब्रोकरचे स्टेटमेंट जोडा. अमेरिकी कर खात्याचा दाखला मिळाला नाही म्हणून अडून बसू नका. स्वतः सही केलेले विवरण आणि कर कापल्याचा पुरावा नियमाला चालतो. शेवटी ई-पडताळणी हवीच, त्याशिवाय फॉर्म मसुदाच राहतो.

ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा फॉर्म करनिर्धारण वर्ष संपेपर्यंत चालतो, म्हणजे तुमच्यासाठी ३१ मार्च २०२७. अट एकच : रिटर्न मुदतीत किंवा विलंबित मुदतीत भरलेले हवे. आता फॉर्म ६७ भरा, मग कलम १५४ खाली दुरुस्ती अर्ज करून रिटर्न पुन्हा प्रोसेस करायला सांगा. मागणीच्या पानावर असहमती नोंदवायला विसरू नका, नाहीतर पुढचा परतावा त्यात वळता होईल. मुदत उलटली तरी सगळे संपत नाही. हा फॉर्म उशिरा आला म्हणून क्रेडिट नाकारता येत नाही, असे बंगळूरसह आयटीएटीच्या (प्राप्तिकर अपील न्यायाधिकरण) अनेक खंडपीठांनी म्हटले आहे. पण त्यासाठी अपिलाची पायरी चढावी लागते. पुढच्या वर्षी क्रेडिटचा फॉर्म आधी आणि रिटर्न नंतर, असाच क्रम ठेवा.

प्रश्न : आम्ही दोघे न्यू जर्सीत, संयुक्त रिटर्न भरतो. भारतातल्या शेअरचा साधारण १,००० डॉलर डिव्हिडंड, त्यावर २०८ डॉलर टीडीएस. सॉफ्टवेअर म्हणते, ६०० डॉलरच्या आत असल्याने फॉर्म १११६ (परदेशी कराच्या क्रेडिटचा अमेरिकी फॉर्म) नको, पूर्ण क्रेडिट घ्या. बरोबर आहे का? (एडिसन)

उत्तर : बहुधा तुम्ही हा डिव्हिडंड १०९९-डीआयव्हीच्या (अमेरिकी ब्रोकरचे डिव्हिडंडचे विवरण) पानावर टाकलात आणि टीडीएस रकाना ७ मध्ये. त्यामुळे सॉफ्टवेअरला वाटले, की अमेरिकी ब्रोकरचे अधिकृत विवरण आले आहे. एकट्याला ३०० आणि संयुक्त रिटर्नला ६०० डॉलरची ती सवलत १०९९ किंवा के-१ (भागीदारीचे विवरण) सारख्या विवरणावर दिसणाऱ्या कराला आहे. भारतातला फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचा दाखला, त्यात बसत नाही. फॉर्म १११६ भरावा लागेल.

रकाना ७ मोकळा करा आणि कर फॉरेन टॅक्स क्रेडिटच्या विभागात भरा : देश भारत, प्रकार पॅसिव्ह, परदेशी उत्पन्न १,०००. हे उत्पन्न शून्य राहिले तर क्रेडिटही शून्य येते, आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. कराचे डॉलर टीडीएस कापल्याच्या दिवसाच्या दराने काढा. मर्यादा इथेही प्रमाणात लागते. तुमचा सरासरी दर १५ टक्क्यांच्या आसपास असेल तर १५० डॉलरच्या आगेमागेच मिळतील. उरलेले मात्र बुडत नाहीत : एक वर्ष मागे आणि दहा वर्षे पुढे नेता येतात. एएमटीसाठी (अमेरिकेचा पर्यायी किमान कर) सोपी मर्यादा निवडायची का, असे सॉफ्टवेअर मध्येच विचारील. एकदा होकार दिला की आयआरएसच्या (अमेरिकी कर खाते) परवानगीशिवाय तो मागे घेता येत नाही, म्हणून घाईत खूण करू नका.

न्यू जर्सीच्या राज्य रिटर्नमध्ये भारतातल्या कराचे क्रेडिट नाही. आणि त्या १,००० डॉलरमध्ये भारतीय म्युच्युअल फंडाचे पैसे असतील तर ते वेगळे काढा. त्यांना पीएफआयसीचे (परदेशी फंडांसारख्या गुंतवणुकीसाठीचे वेगळे अमेरिकी) नियम आणि फॉर्म ८६२१ लागतो.