वाचकांचे प्रश्न : आटलेल्या नदीकाठी पाण्याचा तास

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा पारोळा तालुक्यात, बोरीच्या काठी आहे. दिवाळीनंतर नदी आटते. मुलांना गोड्या पाण्यातली जीवसृष्टी दाखवायची कुठे?

उत्तर : आटलेल्या डबक्यातच. डबकं सुकण्याआधी जलपिसू आणि तसलेच बारीक कवचधारी जीव चिखलात टणक अंडी सोडून जातात. ती पुढच्या पावसापर्यंत वाट पाहतात. तो पाऊस वर्गातच पाडायचा.

दरवर्षी भरून आटणाऱ्या डबक्याच्या तळाची, वरची बोटभर जाडीची माती खरवडून आणा. नदीची वाळू नको, तिच्यातली अंडी पुरात वाहून जातात. पसरट टबात दोन मुठी माती घालून वरून हलक्या हाताने ४ लिटर पाणी सोडा. खरी मेख पाण्यात आहे. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी क्षारी, आणि त्यात अंडी नीट फुटत नाहीत. पाणी नवं आलंय, हे ती कमी क्षारांवरूनच ओळखतात. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम, नाहीतर आरओचं. नळाचं असेल तर क्लोरीन उडण्यासाठी एक दिवस उघडं ठेवा.

टब खिडकीपाशी उजेडात हवा, उन्हात नको. डासांनी अंडी घालू नयेत म्हणून वर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा. यात हयगय नको. चौथ्या दिवसापासून वाटीभर पाणी पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून पाहा. झटके देत वर-खाली होणारे ठिपके दिसले की मुलं वाटी सोडत नाहीत. पाण्याला कुबट वास आला तर माती जास्त झाली, तिच्या कुजण्यात ऑक्सिजन संपला. अर्ध्या मातीवर पुन्हा करा. एखाद्या डबक्याच्या मातीतून काहीच निघत नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणची माती वेगवेगळी लावा.

प्रश्न : शाळेत टीडीएस मीटर आहे. गिरणेचं पाणी चांगलं की वाईट, हे मुलांना त्यावरून सांगता येईल का? (भडगाव तालुका)

उत्तर : नाही. मीटर विरघळलेले क्षार मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत. शिवाय तो त्या क्षणापुरतं बोलतो. दगडाखालच्या अळ्या महिनोन् महिने त्याच पाण्यात काढतात, त्यामुळे नदीची खबर त्यांच्याकडे जास्त पक्की.

जाड तारेच्या कड्यावर मच्छरदाणीचं कापड शिवा, काठी बांधा. उथळ, वाहत्या पाण्यात जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरा आणि वरच्या अंगाचे दगड पायाने मिनिटभर हलवा. जाळीतलं सगळं नदीचंच इंचभर पाणी घातलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये उलटं करा. शेपटाकडे तीन लांब धागे आणि पोटाच्या कडांना पिसांसारखे, सतत हलणारे कल्ले असलेली अळी दिसली, तर पाण्यात ऑक्सिजन बरा आहे. नुसत्याच तांबड्या, वळवळणाऱ्या अळ्या भरपूर असतील, तर सांडपाण्याचा संशय घ्या. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही त्या तगतात. ट्रे सावलीत ठेवा आणि अर्ध्या तासात सगळे जीव जिथले तिथे सोडा.

तुलना मात्र एकाच ऋतूतली करा. २० अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. खान्देशच्या उन्हाळ्यात स्वच्छ डोहातले जीवही रोडावतात.

पाणी मुलांच्या गुडघ्याखाली असेल तरच उतरवा. वाळू उपशाचे खड्डे वरून उथळ भासतात. आदल्या दिवशी स्वतः काठीने तळ चाचपून या.

प्रश्न : पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायची जुनी रीत, पाचवीच्या मुलांना कशी समजावू? (साक्री तालुका)

उत्तर : खेळातून. अंगणात खडूने चार फड, म्हणजे शेतांचे मोठे पट्टे, आखा, प्रत्येकाचे वीस तुकडे पाडा. वीस मुलांना प्रत्येक फडात एकेक तुकडा द्या. एका तुकड्याला एक मग पाणी लागतं, आणि बादलीत आहेत चाळीसच मग. आधी ज्याला जसं हवं तसं घेऊ द्या; मागच्यांची शेतं कोरडी राहतील. मग फडाचा नियम लावा : एका फडात एकच पीक, पाणी कमी तर दोनच फड भिजवायचे, आणि पाणी फक्त पाटकऱ्याने सोडायचं. आता प्रत्येकाचे दोन तुकडे भिजतात, दोन कोरडे राहतात. पाटकरी दर डावाला बदला आणि पुढच्या डावात बादलीत तीसच मग ठेवा. दीड फडाचं काय करायचं, ते मुलांनाच ठरवू द्या.