डॉक्टर म्हणतात ‘करून टाका’, नेटवर वाचलं तर वेगळंच. उपचाराचा फायदा जास्त की धोका, हे आपण कसं ठरवायचं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे, साखर आहे, जिना चढताना छातीत भरून येतं, अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांत डाय सोडून काढलेल्या फिल्ममध्ये) दोन ब्लॉक निघाले आणि डॉक्टर याच आठवड्यात अँजिओप्लास्टी करा म्हणतायत, म्हणजे बारीक झालेल्या वाहिनीत स्टेंट नावाची जाळीची नळी घालून ती मोकळी करा. हे वाचून गप्प बसणं मला जमणार नाही, कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात २०१८ पासून भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

मी डॉक्टर नाही. विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर बसते. दिवसभर हॉस्पिटलची बिलं आणि डिस्चार्ज कार्डं वाचते.

आमचे अण्णा साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क होते. तेव्हा ७१ वर्षांचे. भाजीच्या पिशव्या घेऊन चढ चढताना छातीत दाबल्यासारखं व्हायचं, थांबले की दोन मिनिटांत जायचं. ट्रेडमिलची टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणून सांगलीत अँजिओग्राफी करायला गेलो. नुसती बघायला. निदान आम्हाला तसंच सांगितलं होतं.

अर्ध्या तासात ‘पेशंटचे नातेवाईक कोण’ म्हणून हाक आली. मला चपला काढून पायात निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायला लावल्या आणि आत नेलं. काचेपलीकडे अण्णा टेबलावर, मनगटात नळी, पूर्ण शुद्धीवर, छताकडे बघत पडलेले. इकडे पडद्यावर तीच काळी-पांढरी फिल्म पुन्हा पुन्हा फिरत होती. डाय सोडला की रक्तवाहिनी उमटायची, एका जागी एकदम बारीक व्हायची आणि पुढे परत जाड. डॉक्टरांनी त्या जागेवर पेन ठेवलं आणि म्हणाले, “ऐंशी टक्के आहे. पाइप चोक झालाय. टेबलावर आहेतच तर स्टेंट टाकून घेऊ, परत टोचायला नको. पाच मिनिटांत सांगा.”

मी विचारलं, “यानं अटॅक टळेल का? आज नाही टाकला तर काय होईल?”

“ताई, उद्या काही झालं तर जबाबदारी तुम्ही घेणार का?”

आता बघा, मी विचारलं काय आणि उत्तर काय मिळालं. माझा दादा न्यू जर्सीला असतो. तिकडे मध्यरात्र, तरी तो फोनवर जागा. “पैशाची काळजी करू नको गं, करून टाक. आता तर स्टेंट स्वस्त झालेत.” ते खरंच होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं किमतीवर मर्यादा घातली होती, औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपये आणि साधा ७,२६०. पण वस्तू स्वस्त झाली म्हणून तिची गरज वाढते, हे गणित मला आजही कळलेलं नाही.

मी नाही म्हटलं. आज नको, आधी गोळ्या देऊन बघू. मग एका फॉर्मवर माझी सही घेतली. अख्खा फॉर्म इंग्रजीत, फक्त सहीच्या वर मराठीत एक ओळ: ‘वरील सर्व मजकूर मला समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आला आहे.’

हा हट्ट मी हवेतून काढला नव्हता. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, इंग्लंडमधल्या ऑर्बिटा नावाच्या चाचणीचा निकाल आला होता आणि क्लेमच्या कामामुळे तो माझ्या वाचनात होता. एकाच रक्तवाहिनीत मोठा ब्लॉक असलेले, दुखणं स्थिर असलेले २०० पेशंट. आधी सहा आठवडे सगळ्यांना नीट गोळ्या दिल्या. मग सगळ्यांना टेबलावर घेतलं, गुंगी दिली, कानाला हेडफोन लावून गाणी लावली आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. निम्म्यांना खरा स्टेंट घातला, बाकीच्यांना काहीच नाही, नुसतं टेबलावर झोपवून ठेवलं. कुणाला काय मिळालं ते पेशंटलाही माहीत नाही आणि नंतर तपासणाऱ्यालाही नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर पळवलं तर दोन गटांत फरक किती? सोळा सेकंद. तोही योगायोगानं पडू शकेल एवढाच. ‘स्टेंट घातला आणि दुसऱ्या दिवसापासून बरं वाटायला लागलं’ हे आपण ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकतो. ज्यांना घातलाच नव्हता त्यांनाही बरं वाटत होतं.

त्याच्या दहा वर्षं आधी, २००७ मध्ये, अमेरिका-कॅनडात करेज नावाची चाचणी झाली होती, २,२८७ पेशंटची. साडेचार वर्षांच्या हिशेबात मृत्यू किंवा हार्ट अटॅक स्टेंटवाल्यांत १९ टक्के, नुसत्या गोळ्यांवाल्यांत साडेअठरा. म्हणजे मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेव्हाच छापून झालेलं होतं. मला ते उत्तर मिळालं नाही, पाइप मिळाला.

त्या पाइपचंच सगळं दुखणं आहे. नळ तुंबला, तार घातली, पाणी आलं, हे कुणालाही पटतं. पण हार्ट अटॅक बहुतेक वेळा असा हळूहळू तुंबून येत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीतला चरबीचा थर अचानक फुटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि वाट बंद होते. आणि फुटणारा थर अनेकदा तो ऐंशी टक्केवाला नसतोच, फिल्ममध्ये जेमतेम दिसणारा असतो. स्टेंट एका जागेचं काम करतो. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि अ‍ॅस्पिरिन (रक्ताची गाठ रोखणारी) सगळीकडे करतात.

घरी आल्यावर दादाचा फोन. “तू क्लेम नाकारणारी बाई. तुला नाही म्हणायची सवयच लागलीय.” हे वाक्य मी विसरलेले नाही. पुढे म्हणाला, “बापाच्या जिवावर तू रिस्क घेतलीस.”

जणू स्टेंट घालण्यात रिस्क नसतेच. अण्णांना जुना अल्सर. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन-दोन गोळ्या काही महिने रोज घ्याव्या लागतात आणि अल्सरवाल्याला त्यात पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते. हे त्या पाच मिनिटांत कुणी काढलंच नाही. आपल्याकडे ‘करणं’ म्हणजे काळजी आणि ‘थांबणं’ म्हणजे हयगय, असं धरूनच चालतात. करूनही माणूस दगावू शकतो, पण तेव्हा ‘आम्ही सगळं केलं’ म्हणता येतं. न करता दगावला तर नाही म्हणणाऱ्याची खैर नाही. नातेवाईक स्वतःच्या मनाचा विमा उतरवतात आणि हप्ता पेशंट भरतो.

अण्णा आज ७८ पार आहेत. गोळ्या घेतात, रोज मारुतीपर्यंत चालत जातात, चढावर आता फारसं दाबत नाही. पण हा माझा पुरावा नाही, हे मी दादाला कितीदा सांगितलं. अण्णा जगले म्हणून मी बरोबर ठरत नाही. शेजारच्या काकांनी स्टेंट घातला, ते पण ठणठणीत आहेत, म्हणून तेही बरोबर ठरत नाहीत. एका माणसाला एकच वाट मिळते, दुसऱ्या वाटेवर काय झालं असतं ते कुणाला दिसत नाही. म्हणून तर हजारो माणसं दोन गटांत वाटून बघावी लागतात.

तसं २०१९ मध्ये बघून झालं. इस्केमिया चाचणी, ३७ देश, ५,१७९ पेशंट, त्यात आपल्याकडचेही. एका गटाला आधीच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास, दुसऱ्याला गोळ्या आणि गरज पडली तरच पुढचं. मृत्यू: पहिल्या गटात १४५, दुसऱ्यात १४४. मी ती बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली. दादानं अंगठा पाठवला.

मग २०२३ मध्ये ऑर्बिटा-२ आली. तिच्यात पेशंटच्या छातीदुखीच्या गोळ्या बंद ठेवल्या होत्या आणि तेव्हा खोट्या स्टेंटपेक्षा खऱ्या स्टेंटनं छातीदुखी खरोखर कमी झाली. ही बातमी मात्र दादानं लगेच पाठवली, खाली ‘बघ!’ लिहून. अरे, बघितलं की. दुखणं कमी होतं, हे इस्केमियातही होतंच. ज्यांना रोज किंवा आठवड्याला दुखायचं त्यांच्यातले वर्षभरानं दुखण्यातून पूर्ण मोकळे झालेले स्टेंट-बायपासच्या गटात निम्मे, आणि गोळ्यांच्या गटात वीस टक्के. हा फायदा लहान नाही. पण तो जीव वाचण्याचा नाही. आणि त्या टेबलाजवळ मला विकला जात होता तो जीव वाचण्याचा.

तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे. फायदा कशाचा ते आधी विचारा. आयुष्य वाढणार, अटॅक टळणार, त्रास कमी होणार, की नुसता रिपोर्ट सुधारणार? चारही गोष्टी वेगळ्या आहेत आणि सगळ्यांना ‘फायदा’च म्हणतात. रिपोर्टवर तर अजिबात जाऊ नका. हार्ट अटॅकनंतर ठोके चुकणाऱ्यांचे ठोके सरळ करणाऱ्या गोळ्या अमेरिकेत सर्रास देत होते. ईसीजी सुंदर यायचा. कास्ट नावाच्या चाचणीत मोजलं तेव्हा दहा महिन्यांत गोळीवाले ७५५ पैकी ६३ गेलेले, आणि औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणारे ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारत होता आणि माणसं मरत होती.

आणि कुणी टक्क्यांत बोलायला लागलं की ‘शंभरांत किती?’ एवढं विचारा. लिपिटॉर या कोलेस्टेरॉलच्या गोळीची अमेरिकेत जाहिरात यायची, हार्ट अटॅकचा धोका ३६ टक्क्यांनी कमी. खाली बारीक अक्षरात खरा हिशेब असायचा: गोळी न घेणाऱ्या शंभरांत तिघांना अटॅक, घेणाऱ्या शंभरांत दोघांना. दोन्ही आकडे खरे. (यावरून स्टॅटिन बंद करू नका. तुमच्या वडिलांसारख्यांना फायदा याहून जास्त असतो, कारण त्यांचा मूळ धोकाच जास्त.)

आता तुमच्या वडिलांचं. माझ्या अण्णांची गोष्ट त्यांना जशीच्या तशी लावू नका. त्यांना साखर आहे आणि तिथं प्रश्न स्टेंट की गोळ्या एवढाच राहत नाही, बायपासही मध्ये येतो. मधुमेह आणि एकापेक्षा जास्त वाहिन्यांत ब्लॉक असलेल्या पेशंटची फ्रीडम नावाची चाचणी २०१२ मध्ये आली. पाच वर्षांत मृत्यू स्टेंटवाल्यांत १६.३ टक्के, बायपासवाल्यांत १०.९. पण पक्षाघात बायपासवाल्यांत जास्त, ५.२ विरुद्ध २.४. म्हणजे जगण्याची शक्यता जास्त, आणि लुळं पडण्याचीही. यातलं काय पत्करायचं हे डॉक्टरनं एकट्यानं ठरवू नये, तुम्हीही नाही. वडील बोलते-चालते असताना त्यांना विचारा. आम्ही अण्णांना विचारलंच कुठे, असं दादा म्हणतो. मी काचेपलीकडून खुणेनं विचारलं होतं. त्यांनी हात हलवून ‘नको’ केलं होतं. दादा ते मानत नाही.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं, पण राहिलं: मी सांगितलेलं सगळं स्थिर दुखण्याबद्दल आहे, चालल्यावर येणारं आणि थांबल्यावर जाणारं. बसल्या जागी छातीत कळ, दरदरून घाम, हात-जबडा भरून येणं, असं काही झालं तर तो अटॅक धरा आणि सरळ १०८ फिरवा. तेव्हा तातडीनं केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, त्यात वाद नाही. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा ब्लॉक असेल किंवा हृदयाचं पंपिंग बरंच कमी असेल, तरी हे आकडे लागू नाहीत, तसे पेशंट इस्केमियात घेतलेच नव्हते. रिपोर्टमध्ये ‘लेफ्ट मेन’ (डावी मुख्य वाहिनी) आणि ‘ईएफ’ (हृदयाचं पंपिंग किती टक्के) हे दोन शब्द शोधा.

ते ठीक असेल तर आठवडाभरात आभाळ कोसळत नाही. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, ती तुमची आहे. दुसरं मत घेणं हा पेशंटचा हक्क आहे, त्याला डॉक्टरांचा अपमान समजू नका. दुसरं मत शक्यतो अशा डॉक्टरांकडून घ्या ज्यांची स्वतःची कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करायची खोली) नाही, आणि एका बायपास करणाऱ्या सर्जनलाही दाखवा. सगळे कार्डिओलॉजिस्ट लुटारू असतात असं मी म्हणत नाही. अण्णांच्या गोळ्या पुढे ज्यांनी बसवल्या, तेही कार्डिओलॉजिस्टच, आणि त्यांनी माझ्या प्रश्नांना कंटाळा न करता उत्तरं दिली. त्यांनीही ‘करा’ म्हटलं असतं आणि गोळ्यांनी अण्णांचा त्रास गेला नसता, तर मी स्वतः सही केली असती.

तुमचं दुसरं मतही ‘करा’ असं आलं, वडिलांना जिना सुखानं चढायचा असेल, तर खुशाल करा. फक्त परदेशातून पैसे पाठवणाऱ्या कुणाला ‘मी जीव वाचवला’ म्हणून आयुष्यभर मिरवू देऊ नका.