मुलांच्या हातात रॉड देण्याआधी मासा ओळखायला शिकवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही अमेरिकेत आयडाहो राज्यात कॉलेजात शिकवता, ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांचा गट घेऊन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या ईशान्य कोपऱ्यात स्लू क्रीक या ओढ्याच्या काठी चार रात्री मुक्काम करणार आहात. सकाळी फ्लाय फिशिंग (म्हणजे गळाला बांधलेल्या नकली किड्याने, 'फ्लाय'ने, मासे पकडणं), दुपारी संवर्धनाचं काम असं वेळापत्रक आखलंय. त्यात काय राहिलंय, हे तुम्हाला हवंय. शिवाय मासा गळाला लावून सोडून द्यायचा हा प्रकार मुळातच मनाला पटत नाही, असंही तुम्ही लिहिलंय.

मी बरीच वर्षं मोंटानात राहतो आणि विद्यार्थ्यांच्या गटांसोबत याच भागात जातो. माझं पहिलं सांगणं हे की सकाळ-दुपारचे ते दोन कप्पे मोडून टाका. स्लू क्रीकवर मासेमारी हेच संवर्धनाचं काम आहे.

लमार नदीच्या खोऱ्यात, म्हणजे स्लू क्रीक आणि सोडा ब्यूट क्रीक धरून, गळाला लागलेल्या प्रत्येक माशाबद्दल तिथल्या तिथे निर्णय घ्यावा लागतो. यलोस्टोन कटथ्रोट हा इथला मूळचा ट्राउट, म्हणजे थंड पाण्यातला मासा. तो सोडायचाच. बाहेरून आणलेला रेनबो ट्राउट, ब्रुक ट्राउट किंवा रेनबो-कटथ्रोटचा ओळखता येणारा संकर लागला, तर तो मारायचाच. पुन्हा पाण्यात सोडणं नियमाविरुद्ध आहे. कारण रेनबो आणि कटथ्रोट दोघेही वसंतात अंडी घालतात, त्यांचा संकर होतो, आणि त्या संकराला पुढे पिल्लंही होतात. नदी माशांनी भरलेली दिसते आणि मूळची जात मात्र पिढीगणिक विरत जाते. ब्रुक ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतो, त्यामुळे संकराचा प्रश्न नाही. तो जागा आणि अन्न बळकावतो.

म्हणून पहिल्या संध्याकाळी रॉड जोडूच नका. फोटो घेऊन बसा आणि मासा ओळखायला शिकवा. कटथ्रोटच्या जबड्याखाली नारिंगी-तांबड्या रंगाची रेघ असते, ती सगळ्यांना लगेच दिसते. पण गोची अशी की ती रेघ संकरातही असू शकते. तेव्हा पुढे बघायचं ते डोकं. कटथ्रोटच्या डोक्यावर ठिपके तुरळक असतात, अंगावरचे ठिपके शेपटीकडे दाटत जातात. रेनबो आणि संकराचं डोकं ठिपक्यांनी भरलेलं असतं. मग पोटाखालच्या परांची पुढची कड पांढरी आहे का ते बघायचं. पांढरी कड आणि डोक्यावर दाट ठिपके म्हणजे रेनबोचं रक्त. हे सगळं मासा जाळीत, पाण्यात असतानाच बघायचं. हात आधी ओले करायचे, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला संसर्ग होतो. फोटोसाठी वर उचलायचाच असेल, तर आपण जितका वेळ श्वास सहज रोखू त्याहून कमी वेळ.

आता मारण्याबद्दल. मुलांना याचा त्रास होतो आणि तो व्हायलाच हवा. ही बाब आधी सांगून ठेवा, नदीकाठी अचानक समोर येऊ देऊ नका. डोक्यावर जड वस्तूचा एक नेमका घाव, लगेच. काठावर तडफडत ठेवायचं नाही. ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी ते तुम्ही करा, आणि कुणालाही त्यावरून चिडवू देऊ नका. माझा अनुभव असा की मुलं खरी बोलती होतात ती या क्षणानंतर. 'या बिचाऱ्या माशाचा काय दोष?' हा प्रश्न येतोच. तेव्हा खरं ते सांगा: हे परके मासे माणसांनीच आणले. १८९० च्या सुमारास सरकारी खात्यानेच उद्यानातल्या पाण्यात मासे सोडायला सुरुवात केली होती.

यलोस्टोन तलावाची गोष्टही तेव्हाच सांगा. १९९४ मध्ये तिथे लेक ट्राउट सापडला, कुणीतरी बेकायदा सोडलेला. कटथ्रोट अंडी घालायला उथळ ओढ्यांत चढतो, म्हणून तो अस्वलांना, ऑस्प्रे या मासेखाऊ पक्ष्याला, पाणमांजरांना मिळतो. लेक ट्राउट तलावातच, खोल पाण्यात राहतो आणि कटथ्रोट खातो. कटथ्रोट घटला तसं या सगळ्यांचं अन्नही घटलं. आजही तिथे जाळी लावून दरवर्षी लेक ट्राउट मोठ्या संख्येने काढावे लागतात.

तुमच्या मनाला पटत नाही, त्याबद्दल. महाडजवळच्या वाळणकोंडीत लोक माशांना हात न लावता देवीच्या नावाने जपतात. मला ती रीत फार मोलाची वाटते. पण इथे बाहेरची जात घुसलेली आहे. स्लू क्रीकवर नुसतं सोडून दिलं, तर कटथ्रोट उरणार नाही. तरीही केवळ मजेसाठी दिवसभर मासे पकडत राहावं, असं मी म्हणणार नाही. दोन-चार मासे नीट हाताळले की रॉड बाजूला ठेवा आणि पाण्यातले दगड उलटून बघा. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय या कीटकांच्या अळ्या सापडल्या तर पाणी थंड, स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं आहे. पेटीतली कुठली फ्लाय बांधायची, हेही त्यातूनच कळतं. दगड होता तसा परत ठेवायला सांगा.

थर्मामीटर प्रत्येकाच्या खिशात हवा. पाणी २० अंश सेल्सियसच्या वर जायला लागलं की मासेमारी बंद. तापलेल्या पाण्यात दमवलेला ट्राउट सोडल्यावरही मरतो. मोंटाना राज्य अशा वेळी दुपारी २ ते मध्यरात्रीपर्यंत नद्या बंद ठेवतं. ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाट होतोच आणि कार्बनचा लांब रॉड हातात घेऊन उघड्या कुरणात उभं राहणं जिवावर बेतेल. दुपारची वेळ दगड, नोंदी आणि झोपेसाठी ठेवा.

अस्वलांचं तुम्हाला ठाऊक असेल, तरी सांगतो. स्वयंपाकाची जागा तंबूंपासून ९० मीटरवर. टूथपेस्ट, लिप बाम, मासेमारीच्या जॅकेटमध्ये विसरलेलं चॉकलेट, सगळं अन्नासोबत वर टांगायचं. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवणारा तिखट फवारा) कमरेला हवा, पाठपिशवीत असला तर उपयोग नाही. पाण्याच्या खळखळाटात अस्वलाला माणसाची चाहूल लागत नाही, म्हणून तिघा-तिघांच्या टोळ्या करा आणि बोलत राहायला सांगा.

कागदपत्रांचं लगेच बघा. उद्यानाचा मासेमारी परवाना वेगळा काढावा लागतो, राज्याचा तिथे चालत नाही. मुक्कामाचा परवाना वेगळा, आणि प्रत्येक जागेला माणसांची मर्यादा असते. तुमचा गट दोन जागांत विभागावा लागू शकतो, मग सोबत आणखी एक जबाबदार माणूस लागेल. गळ उलट्या काट्याशिवायचे, वजनं शिशाची नकोत, फेल्टच्या तळव्याचे बूट बंद. बूट आणि वेडर (पाण्यात उतरताना घालायची जलरोधक विजार) आयडाहोहून निघण्याआधी धुऊन पूर्ण वाळवा, परततानाही. न्यूझीलंड मडस्नेल ही इवलीशी गोगलगाय बुटांच्या चिखलातून एका नदीतून दुसरीत जाते. नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा त्या वर्षीची पुस्तिका छापून प्रत्येकाला द्या आणि मी वर लिहिलेलं तिच्याशी ताडून बघा.