लेकींच्या बळावर उभे राहिलेले घराणे

प्रश्न : कोरियन मालिकांच्या निमित्ताने तेथील इतिहास वाचू लागले, तेव्हा गोर्यो या मध्ययुगीन राजवटीच्या काळातील यी जा-ग्योम या सरदाराने आपल्या दोन मुली स्वतःच्याच नातवाला दिल्याचे कळले. आमच्याकडे मामाची मुलगी करतात, पण मावशी म्हणजे दुसरी आईच. हे खरे आहे काय? असल्यास ते घडले कसे? – एक वाचिका, पंचवटी, नाशिक

उत्तर : होय, हे खरे आहे. मात्र ते समजण्यासाठी दोन पिढ्या मागे जावे लागते. आजच्या इंचोन परिसरातील या यी घराण्याचे भाग्य यी जा-ग्योमच्या आजोबांनी, म्हणजे यी जा-योन यांनी घडवले. त्यांनी आपल्या तीन मुली मुनजोंग राजाला दिल्या, आणि थोरलीच्या पोटी पुढे राजे झालेले तीन पुत्र जन्मले. बौद्ध ग्रंथांच्या संग्रहासाठी विख्यात असलेला भिक्षू उइचोन हाही तिचाच मुलगा. तेव्हापासून राजाचे आजोळ हीच या घराण्याची खरी जहागीर ठरली.

गोर्योमध्ये आजोळाला एवढे वजन होते याला कारण होते. जावई लग्नानंतर पुष्कळदा सासुरवाडीतच राहत असे, मुले आईच्या माहेरी वाढत, मुलींना वडिलांच्या मिळकतीत वाटा मिळे, आणि वडीलधाऱ्यांच्या पदामुळे परीक्षेविना नोकरी मिळण्याची जी सवलत होती ती मुलीच्या मुलांपर्यंतही पोहोचत असे. राजघराण्यात तर सावत्र बहिणीशीही विवाह होत, आणि अशी राणी आपल्या आईकडील कुलनाम लावी. म्हणून आपल्याकडील सोयरिकीचे नियम तिकडे लावून निवाडा करणे मला योग्य वाटत नाही.

यी जा-ग्योमची सुरुवात मात्र अडखळत झाली. त्याची बहीण सुनजोंग राजाची राणी होती. राजाच्या मृत्यूनंतर एका दासाशी तिचे संबंध उघड झाले आणि भावाला पद गमवावे लागले. दैव फिरले ते त्याची दुसरी मुलगी येजोंग राजाला दिल्यावर. तिचा मुलगा इंजोंग ११०९ मध्ये जन्मला आणि ११२२ मध्ये बापाच्या मागे कोवळ्या वयात गादीवर आला, तोही आजोबांच्या पाठबळाने. आता नातवाला दुसऱ्या घराण्यातील राणी आली, तर सत्तेत वाटेकरी येणार, या धास्तीने यी जा-ग्योमने आपली तिसरी आणि त्यानंतर चौथी मुलगी त्यालाच दिली. राजाने हे मनापासून नव्हे, नाइलाजाने स्वीकारले.

११२६ मध्ये राजाच्या निकटवर्तीयांनी यी जा-ग्योमला दूर करण्याचा प्रयत्न केला. त्यात त्याचा साथीदार सेनानी छोक जुन-ग्योंग याचा भाऊ आणि मुलगा मारले गेले. छोकने राजवाड्याला आग लावली, आणि राजा आजोबांच्या घरी जवळजवळ कैदी होऊन राहिला. १४५१ मध्ये पूर्ण झालेल्या ‘गोर्योसा’ या इतिहासग्रंथात यानंतरची एक हकीकत आहे. यी जा-ग्योमने राजासाठी विष घातलेली तांदळाची पोळी पाठवली. त्याच्या चौथ्या मुलीने, म्हणजे राणीने, राजाला गुपचूप सावध केले. पोळी कावळ्याला टाकली, तो मेला. पुढे विषारी औषधाचा वाडगा तिच्याच हाती देण्यात आला, तेव्हा तिने अडखळल्याचे निमित्त करून तो सांडून टाकला. बापाने जिला राजाभोवतीचे कुंपण म्हणून पाठवले, तिने नवऱ्याचा जीव राखला, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आदरणीय वाटते ती हीच मुलगी.

यी जा-ग्योमच्या अंताला कारण ठरले ते नोकरांचे भांडण. त्याच्या मुलाच्या नोकराने छोकच्या नोकराला, ‘तुझ्या धन्याने राजवाडा जाळला, तो मरणाच्या शिक्षेस पात्र आहे,’ असे सुनावले. छोक दुखावला, राजाने ती संधी साधली, आणि त्याच छोकच्या हातून यी जा-ग्योम पकडला गेला. नैर्ऋत्येकडील योंगग्वांग येथे त्याची हद्दपारी झाली व तेथेच तो मरण पावला. राजाच्या मावश्या म्हणून दोन्ही राण्यांना पदावरून दूर करण्यात आले. पण वाडगा सांडणाऱ्या राणीला राजाने जमीन, घर आणि नोकरचाकर दिले.

प्रश्न : त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या पणजोबांचे नाव सापडले. कोरियातही अशा नोंदी आहेत काय? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आहेत, पण त्यांची धाटणी वेगळी आहे. आपल्या वह्यांत बहुधा बाप, मुलगा, नातू अशी ओळ उतरते. गोर्योमध्ये सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्या उमेदवाराला वडील, आजोबा, पणजोबा यांच्या जोडीने आईच्या वडिलांचेही नाव नोंदवावे लागे. सरदारांच्या थडग्यांत पुरलेल्या कोरीव शिलालेखांत मुलींचे विवाह कोणाशी झाले हे आवर्जून सांगितलेले असते. कोरियातील उपलब्ध सर्वांत जुनी छापील वंशावळ १४७६ ची असून ती आन्दोंगच्या क्वोन घराण्याची आहे, आणि तीत मुलगे व मुली जन्माच्या क्रमाने नोंदवून मुलींचा वंशविस्तारही दिलेला आहे.