जुना मेटल डिटेक्टर सतत वाजतो

प्रश्न : आमचा जुना मेटल डिटेक्टर घरात सतत वाजतो आणि केबल हलवली की आवाज बदलतो. तो दुरुस्त होईल का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : बहुधा होईल. स्लॅबमधील लोखंडी सळ्यांमुळेही यंत्र घरात वाजते, म्हणून आधी ते मोकळ्या मैदानात तपासावे. तरीही वाजत राहिले, तर मुख्य संशय केबलवर घ्यावा, कारण वर्षानुवर्षे वाकून तिची तार प्लगपाशी तुटते. बॅटरी काढून, कॉइलचा (जमिनीवर फिरवायच्या चकतीतील तारेच्या वेटोळ्याचा) प्लग सोडवून मल्टिमीटरने त्याचा रेझिस्टन्स (विद्युत रोध) मोजावा. केबल हलवताना आकडा उड्या मारू लागला, तर खराब तुकडा कापून जोड पुन्हा सोल्डर करावा. मुंबईच्या दमट हवेत बॅटरीच्या पट्ट्यांवर चढणारा गंजही पुसावा. नवा प्लग लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात शोधावा. आतील ट्रिमर (ट्यूनिंग जुळवायचे छोटे स्क्रू) मात्र कृपया फिरवू नका. एकदा बिघडलेले ट्यूनिंग ऑसिलोस्कोपशिवाय (विद्युत लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राशिवाय) जुळवणे फार कठीण असते.