अंड्याच्या आकारावरून कोंबडा की तलंग, हे ओळखता येतं का?

नाही येत. आकारावरून नाही, वजनावरून नाही, दोऱ्याला अंगठी बांधून अंड्यावर धरली तरी नाही. तुमची खुडूक बसायला तयार आहे, हाताशी पंधरा अंडी आहेत आणि तुम्हाला सगळ्या तलंगाच हव्यात, असं लिहिलंय तुम्ही. निम्मे कोंबडे निघणार असं धरूनच चाला.

आता मी एवढं ठासून का सांगतेय, ते ऐका. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दर खेपेला परड्यात अंडी निवडायला बसायच्या. निमुळतं अंडं कोंबड्याचं, गोल अंडं तलंगेचं. दोन बोटांत धरून फिरवायच्या, टोकावर अंगठा घासायच्या आणि निकाल द्यायच्या. तेवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण मला तीन मुली. आत्याबाई माझ्याकडे न बघता, हातातल्या अंड्याकडेच बघत म्हणायच्या, "काही काही घरात गोलच पडतात बाई."

तिसऱ्या वेळी तर घरात 'तपासून घेऊ'ची भाषा झाली होती. महाराष्ट्रात 1988 साली आणि देशभरासाठी 1994 साली त्याविरुद्ध कायदा झालाय, हे तेव्हा मला एकटीलाच माहीत होतं बहुतेक. आमचे हे पेपर वाचत बसले होते. ते मी अजून विसरले नाही.

पुढं एका वर्षी दोन कोंबड्या एकदमच खुडूक झाल्या, एक तांबडी, एक कबरी. मी आत्याबाईंनाच निवडायला लावलं. निमुळती अकरा तांबडीखाली, गोल अकरा कबरीखाली, वेगवेगळ्या पाट्यांत, पेंढा घालून. एकविसाव्या दिवशी तांबडीची नऊ फुटली, कबरीची आठ. एक घारीनं उचललं, दोन मुंगसानं नेली. अडीच महिन्यांनी तुरे बघितले तर तांबडीच्या उरलेल्या आठांत पाच तलंगा, तीन कोंबडे. कबरीकडे तीन-तीन. आत्याबाई म्हणाल्या, "घारीनं नेमका कोंबडा नेला."

थोरली तेव्हा कृषी कॉलेजला होती, सुट्टीला आलेली. तिनं आजीला समजावलं. कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबडा नेहमी झेडच देणार. कोंबडीनं झेड दिला तर कोंबडा, डब्ल्यू दिला तर तलंग. म्हणजे हे कोंबडीच्या पोटात आधीच ठरतं, आणि कवच चढतं शेवटच्या वीसेक तासांत. निमुळतं की गोल, याचा आत कोण आहे त्याच्याशी काय संबंध?

आत्याबाईंनी त्यातलं एकच वाक्य उचललं. "म्हणजे मादीच ठरवते ना? मग मी एवढी वर्षं वेगळं काय म्हणत होते?"

सगळे गप्प. ह्यांनी पेपरातून मान वर केली, तेवढ्यापुरती.

माणसाचं बरोबर उलट आहे हो! आईकडे एक्स आणि एक्स, बापाकडे एक्स आणि वाय. आई एक्सच देऊ शकते. हे पहिल्यांदा नीट दाखवलं तेही एका बाईनं, नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईनं, 1905 साली, पिठात होतात त्या किड्यांवर. मादीच्या पेशीत 20 मोठी गुणसूत्रं, नराच्या पेशीत 19 मोठी आणि एक बारकं, तेच वाय. वायवरचा जो जनुक गर्भाला वृषणाकडे वळवतो, तो एसआरवाय, 1990 मध्ये सापडला. हे सगळं मी नंतर वाचून काढलं, भांडणासाठीच.

तुम्ही पुढं विचारलंय, उबवताना ऊब कमी-जास्त केली तर काही फरक पडतो का. कोंबडीत नाही, पिल्लं मरतील फक्त. तो प्रकार कासवांचा. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची घरटी असतात, त्यांत वाळू जास्त तापली की माद्या जास्त निघतात. आणि अंड्यावरून ओळखणं एवढं सोपं असतं, तर 2022 पासून नर पिल्लं मारायला बंदी घातल्यावर जर्मनीतल्या हॅचरींनी अंड्याला बारीक भोक पाडून आतला थेंब तपासायच्या मशिनी कशाला आणल्या असत्या? तलंगाच हव्या असतील तर हॅचरीतून लेअर जातीची, नर-मादी वेगळी केलेली पिल्लं घ्या.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. चौदा पिल्लांवर काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. आणि एक्स-वायचं गणितही दरवेळी इतकं सरळ नसतं. एक्स-वाय असूनही शरीर बाईचं घडलेली माणसं असतात. शिवाय बाप ठरवतो म्हणजे तो काही निवडून देत नाही. मी इतकी वर्षं "तुमच्या मुलाकडूनच आलंय सगळं" असं ऐकवत आले, तेही तसं बरोबर नव्हे. पण ऐकवताना बरं वाटायचं.

मागच्या वर्षी थोरलीला मुलगा झाला. आत्याबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं आणि जावयाकडे बघत मला म्हणाल्या, "बापाकडूनच येतं ना ते? तूच सांगितलं होतंस."

असो. अंडी आठवड्याच्या आतली घ्या आणि फ्रिजमधली नकोत.