‘भाव/आजचे/’ उघडलं की ‘आजचे’ नावाची बाजार समिती का शोधली जाते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे कांद्याचे भाव दाखवणारी साइट तुम्ही जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये करताय. ‘भाव/लासलगाव/’ व्यवस्थित उघडतं. ‘भाव/आजचे/’ उघडलं की मात्र ‘ही बाजार समिती सापडली नाही’ असा ४०४ (पान नाही) येतो, आणि ‘आजचे’साठी वेगळा व्ह्यू, म्हणजे पान बनवणारं फंक्शन, तर लिहिलेला आहे. शिवाय मित्राने फ्लास्क या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये राउट, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या फंक्शनकडे हे सांगणाऱ्या ओळी, याच क्रमाने लिहिलेत आणि त्याचं चालतंय. पत्ते खरे रोमन अक्षरांत आहेत, पण तुम्ही प्रश्नात देवनागरीत लिहिलेत म्हणून मीही तसेच लिहितो.

आधी तुमच्याच एररच्या संदेशाकडे नीट बघा, उत्तर त्यातच आहे. ‘बाजार समिती सापडली नाही’ हे वाक्य तुम्ही लिहिलेलं आहे, जँगोने नाही. म्हणजे राउटरला (पत्ता बघून व्ह्यू निवडणाऱ्या भागाला) पत्ता जुळला, त्याने विनंती तुमच्या बाजार समितीच्या व्ह्यूकडे दिली, व्ह्यूने डेटाबेसमध्ये ‘आजचे’ शोधलं आणि हात वर केले. राउटरलाच काही जुळलं नसतं, तर डीबग चालू असताना पिवळ्या पानावर ‘हे हे पॅटर्न या क्रमाने तपासले, एकही जुळला नाही’ अशी यादी आली असती. ४०४ एकच दिसतो, पण येण्याची ठिकाणं दोन. यातलं कोणतं, हे न बघता लोक तासन्‌तास चुकीची फाइल उघडून बसतात.

राउटर अर्थ बघत नाही, फक्त आकार बघतो. तुमची पहिली ओळ ‘भाव/<स्लग:बाजार>/’ अशी आहे. स्लग म्हणजे रोमन अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि अंडरस्कोर. ‘लासलगाव’ त्यात बसतं, ‘आजचे’ही बसतं, उद्या कोणी ‘मिसळपाव’ लिहिलं तर तेही बसेल. जँगो यादी वरून खाली वाचतो आणि पहिली जुळलेली ओळ धरून थांबतो. खाली याहून नेमकी ओळ आहे का, हे तो बघायला जात नाही. तुमची ‘भाव/आजचे/’ ही ओळ दोन ओळी खाली आहे, तिच्यापर्यंत पाळी येतच नाही.

मित्राचं का चालतं? फ्लास्कच्या आत वर्कझ्यूग ही लायब्ररी आहे, आणि ते नियमांना वजन देतं. ठरलेला शब्द असलेला नियम कोऱ्या जागेच्या, म्हणजे बदलता शब्द बसेल अशा, नियमाआधी तपासला जातो, मग तुम्ही तो फाइलमध्ये कुठेही लिहा. एक्स्प्रेस आणि रेल्स हे फ्रेमवर्क जँगोसारखे, आधी लिहिलं त्याचा मान आधी. गो भाषेने फेब्रुवारी २०२४ मध्ये, १.२२ या आवृत्तीत, आपल्या मूळ राउटरला कोऱ्या जागा दिल्या आणि नेमका पॅटर्न जिंकेल असा नियम ठेवला. दोन पॅटर्न एकमेकांवर येत असतील आणि कोणता नेमका हे ठरत नसेल, तर नोंदणी करतानाच प्रोग्राम पॅनिक होऊन पडतो. मला ही पद्धत सगळ्यांत आवडते. चूक गिऱ्हाइकाच्या आधी आपल्याला दिसते.

जँगोकडे परत. क्रम बदला, ‘आजचे’ वर घ्या, लगेच चालेल. पण मी तेवढ्यावर थांबणार नाही, कारण सहा महिन्यांनी दुसरं कोणीतरी नवी ओळ सवयीने यादीच्या तळाशी टाकेल आणि हाच खेळ पुन्हा. त्यापेक्षा पत्ताच ‘भाव/बाजार/लासलगाव/’ असा करा. ठरलेले शब्द एका पातळीवर, बदलती नावं त्याखालच्या पातळीवर. मग क्रमाला महत्त्वच उरत नाही. कोणी सुचवेल की स्वतःचा कन्व्हर्टर (कोऱ्या जागेत काय बसेल ते ठरवणारा, स्लगसारखा) लिहून त्यात लासलगाव, पिंपळगाव, येवला अशी नावंच गुंफा. होतं तसं. पण यादीत एक उपबाजार वाढला की कोड पुन्हा चढवायचा, हे कोणाला हवंय?

पत्त्यांची यादी वेगळ्या फाइलींत वाटणारं इन्क्लूड वापरत असाल तर पिनकोड आठवा. ४२२००३ मधले पहिले तीन आकडे बघून पाकीट नाशिकच्या वाट्याला येतं, उरलेल्या ००३ वरून ते पंचवटीला जातं. इन्क्लूडही ‘भाव/’ एवढा तुकडा जुळवतो, कापून टाकतो आणि उरलेलं पुढच्या फाइलकडे देतो. म्हणून त्या फाइलमध्ये पुन्हा ‘भाव/’ लिहिलंत तर पत्ता ‘भाव/भाव/’ होतो. काही राउटर सगळीच जुळवाजुळव अशी झाडासारखी करतात, सामाईक सुरुवातीची एकच फांदी. हजारो राउट असतील तर फरक पडतो. तुमच्या चाळीस ओळींना काही होत नाही.

आता माझी फजिती. एका व्यापाऱ्यासाठी आवक पावत्यांची छोटी साइट केली होती. पत्ता ‘पावती/<इंट:क्रमांक>/’, पावतीवर छापलेला क्रमांक ००३४५. इंट कन्व्हर्टर ते पूर्णांकात बदलून व्ह्यूला ३४५ देतो, पुढची शून्यं गायब. डेटाबेसमध्ये क्रमांक मजकूर म्हणून साठवलेला, त्यामुळे एकही पावती सापडेना. मी रात्री अकरापर्यंत डेटाबेसलाच दोष देत होतो. ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा नव्हे, हे त्या रात्री कळलं, आणि तिथे एसटीआर, म्हणजे मजकूर जसाच्या तसा देणारा कन्व्हर्टर, टाकून घरी गेलो. जाता जाता, इंट कन्व्हर्टरला फक्त इंग्रजी आकडे (0 ते 9) चालतात. री-पाथमध्ये (रेग्युलर एक्स्प्रेशनने पत्ता जुळवताना) बॅकस्लॅश-डी, म्हणजे ‘कोणताही आकडा’, लिहिलंत तर पायथनला ‘४५’ हे देवनागरी आकडेही चालतात.

बाकीचं भराभर सांगतो. प्रश्नचिन्हापुढचा भाग, म्हणजे तारीख वगैरे, जुळवणीत धरला जात नाही. हॅशपुढचा तर सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. विनंती गेट (पान मागणारी) की पोस्ट (फॉर्म पाठवणारी), हेही जँगोचा राउटर बघत नाही, ते व्ह्यूने बघायचं. शेवटची तिरकी रेघ विसरली आणि काहीच जुळलं नाही, तर जँगो रेघ लावून ३०१ ने (‘पत्ता बदलला’ असं सांगून) पुन्हा पाठवतो. वाचणाऱ्याला हे कळतही नाही, पण फॉर्म पोस्ट केला असेल तर त्यातला मजकूर वाटेत सांडतो. आणि पाथ कन्व्हर्टर तिरक्या रेघांसकट सगळं गिळतो. तो वापरायचाच असेल तर यादीच्या अगदी तळाशी. शंका आली तर शेलमध्ये रिझॉल्व्ह फंक्शनला पत्ता द्या, कोणता व्ह्यू पकडला जातो ते लगेच सांगतं.

तुम्ही शेवटी सहज विचारलंय की पत्ते खरोखरच देवनागरीत केले तर? करा, पण स्लग कन्व्हर्टर सोडून एसटीआर घ्या. ब्राउझर पाठवताना प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट करतो आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हासकट तीन अक्षरांत लिहितो, म्हणून ‘नाशिक’ पंचेचाळीस अक्षरांचं होतं. व्हॉट्सॲपवर पत्ता चिकटवल्यावर तो साप दिसतो तो हाच. जँगो तो उलगडूनच जुळवणी करतो, तिथे अडचण नाही. अडचण आहे नावावरून स्लग बनवण्यात. त्यासाठीचं जँगोचं स्लगिफाय फंक्शन नुसतं चालवलं तर रोमन नसलेलं सगळं उडतं, हाती कोरी ओळ येते. युनिकोडची परवानगी दिली तर आणखी गंमत. पायथनच्या बॅकस्लॅश-डब्ल्यूला (अक्षर ओळखण्याच्या खुणेला) मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही अक्षरं वाटतच नाहीत, आणि स्लगिफाय ती झाडून टाकतं. लासलगावचं ‘लसलगव’, चांदवडचं ‘चदवड’, सिन्नरचं ‘सननर’. आपल्या जिल्ह्यातलं कळवण तेवढं सहीसलामत सुटतं. मी स्लगचा रकानाच वेगळा ठेवतो आणि नावं हाताने भरतो. पंधरा-वीस बाजारांना चहा संपायच्या आत होतं.